झिपरीच्या फेऱ्या

पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात, पण सगळ्या गल्लीने जिचं खरं नाव विसरून भिंगरीच म्हणायला सुरुवात केली अशी ही एकटीच. पेशाने सोफे दुरुस्त करणारी. दिवसभर लोकांच्या बसायची सोय करायची आणि स्वतः कुठे टेकायचं नाही, असा तिचा खाक्या. दुपारचा डबासुद्धा कारखान्याच्या दारात उभ्यानेच, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळेच मामा म्हणत, तिला रोज एकदा तरी सांगायचे, "अगं, इथे इतक्या खुर्च्या पडल्यात. एखादीवर तरी उपकार कर."

"बसले की आठवतं, मामा," ती म्हणायची.

"काय आठवतं?"

"काय काय राहिलंय ते."

कामात मात्र हात धरणारं कोणी नव्हतं. उसवायला आलेल्या सोफ्यावरून एक नजर फिरवली की ती त्या घराची कुंडली मांडायची. हा माणूस डाव्या कोपऱ्यात बसतो, अंगाने भारी आहे, टीव्ही उजवीकडच्या भिंतीला आहे. पाठीवर हा काळपट गोल दिसतोय ना, इथे कोणीतरी रोज डोकं टेकून डुलक्या काढतं. आणि हा हात बघा, पार सोलून निघालाय, इथे बसून कोणीतरी नखं घासत कोणाची तरी वाट बघतं. गिऱ्हाईक गोरंमोरं व्हायचं आणि भिंगरी तोपर्यंत जुनं कापड टराटरा फाडून फोमपर्यंत पोचलेली असायची. कापड कधी खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते ती जरा जास्तच वेळा म्हणायची.

संध्याकाळी शटर ओढलं की हीच बाई गळ्यात शिट्टी अडकवून पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात हजर. तिथे ती पोरांना रग्बी शिकवायची. दहा-बारा वर्षांची पोरं, त्यांतली निम्मी रग्बी म्हणजे फुटबॉलचा बॉल चेपून खेळायचा खेळ समजून आलेली. भिंगरी पहिले कित्येक दिवस त्यांच्या हातात बॉलच द्यायची नाही. आधी पडायला शिका. गुडघ्यावर बसून पडा, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग पळता पळता. हात टेकवायचा नाही, हनुवटी छातीला लावायची. पोरं गवतात लोळून लोळून हिरवी झाली की मग बॉल. आणि बॉल आला की दुसरी गंमत, कारण पळायचं पुढे आणि बॉल द्यायचा मागे. नवीन पोर हमखास पुढच्याला बॉल फेकायचं आणि भिंगरी शिट्टी मारून म्हणायची, "मागे माणसं आहेत आपली! मागे! पुढे फक्त मार खायची जागा आहे."

या वर्षी पोरांना पहिल्यांदा टॅकल करायची परवानगी मिळाली होती. तोवर कमरेला पट्टा बांधून त्याला लावलेली फीत ओढायची, की झाला माणूस बाद. आता खरोखर धरून पाडायचं. त्यासाठी भिंगरीने कारखान्यातल्या फोमच्या तुकड्यांवर रेक्झिन चढवून पुरुषभर उंचीची एक जाड पिशवी शिवली होती. तिच्या मागच्या बाजूला दोन कडक पट्टे, म्हणजे एकाने मागून धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने समोरून येऊन धडकायचं. पोरं त्या पिशवीला काका म्हणत.

शिकवायची भिंगरीची रीत ठरलेली होती. ती पोरांकडे पाठ करून उभी राहायची. तोंडाकडे तोंड केलं की पोरं आरशासारखी उलटी नक्कल करतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पाठ केली की तिचा उजवा तो पोरांचा उजवा. "नजर वर. बसके व्हा. जो खांदा, तोच पाय पुढे. डोकं त्याच्या मागे, पुढे नाही. हात आवळा आणि सोडू नका." बोलत बोलत ती उजवा खांदा काकाच्या पोटात घालायची आणि काका आडवा. मागोमाग एकेक पोर. एक खांदा आधी पक्का करायचा, दुसरा नंतर, असा तिचा नियम होता. ज्याचा खांदा चुकेल त्याने टाकीला हात लावून मैदानाची एक फेरी मारायची.

फेऱ्या बहुतेक एकाच पोरीच्या वाट्याला यायच्या. ती भिंगरीची स्वतःची लेक. तेल-फणीशी तिचं जन्मजात वैर, म्हणून घरीदारी सगळे तिला झिपरी म्हणत. झिपरी डावखुरी. जेवायचं डाव्याने, लिहायचं डाव्याने, आणि काकावर धावून जायचं तेही डाव्या खांद्याने. भिंगरी ओरडायची, "उजवा! उजवा सांगितला ना?" की झिपरी निघाली टाकीकडे. परत आली की पुन्हा डावा. दुसऱ्या कोणाला भिंगरीने एखाद वेळी सोडूनही दिलं असतं, पण घरच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून तिच्यावर डोळा जास्तच वटारलेला. पोरं तर टाकीकडे जाणाऱ्या पायवाटेला झिपरीचा रस्ताच म्हणायला लागली होती.

मग एका संध्याकाळी झिपरीने बूट फळीवर ठेवले आणि म्हणाली, "मला नाही यायचं."

"का?"

"नाही यायचं."

"कष्ट नकोत. दुसरं काय," भिंगरी म्हणाली आणि शिट्टी उचलून एकटीच निघाली. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, दिवसभर बारीक बघून घरी आल्यावर बारीकच बोलायचा. त्याने वर पाहिलं, काहीतरी म्हणावंसं त्याला वाटलं, पण बायको तोवर जिना उतरून गेली होती. या गोष्टीला दोन महिने झाले. बूट अजून फळीवरच होते, आणि त्यांच्यावरून घरात कोणी बोलत नव्हतं.

येत्या रविवारी पहिला सामना होता. पलीकडच्या वस्तीतली पोरं येणार होती, वयाने तेवढीच पण हाडापेराने रुंद. आणि बुधवारी सरावात आक्रीत झालं. संघातली सगळ्यांत छोटी पोर, जिला बटण म्हणत, एका धिप्पाड पोराला टॅकल करायला गेली. पोरगा तिच्या डाव्या अंगाने निसटत होता. बटणने शिकवल्याप्रमाणे उजवा खांदा घातला, आणि पोराचं ढोपर थेट तिच्या कपाळावर. बटण पडली आणि पडूनच राहिली. भिंगरी धावत तिच्याजवळ गेली.

पोर थोड्या वेळाने उठून बसली, रडली, नाव-गाव बरोबर सांगितलं. भिंगरी तिला तशीच उचलून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून पाहिला, मेंदूला मार नाही म्हणाले, पण या सामन्यात पोरीला खेळवायचं नाही असंही बजावलं. बटणच्या आजीने कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि एकच विचारलं, "तुम्ही शिकवता ना यांना?" आजी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला भिंगरीकडे उत्तर होतं.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. डोकं मागे, हे तिने किती वेळा सांगितलं होतं! पोर चुकली कशी? रस्त्याने चालता चालता ती मध्येच थांबून बसकी व्हायची, उजवा पाय पुढे टाकायची, मान एका बाजूला वळवायची आणि पुन्हा चालायला लागायची. येणारेजाणारे वळून बघत. घरी तिने ओटा दोनदा पुसला, कपाट उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं. झिपरी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिला सगळं कळलं होतं, कारण बटण तिच्याच शाळेत होती. पण मायलेकी मूग गिळून बसल्या होत्या. म्हणजे लेक बसली होती आणि आई येरझाऱ्या घालत होती.

"अगं, जरा बस," नवरा म्हणाला.

"अहो, बसून काय करू? चार दिवसांनी तेरा पोरं मैदानात उतरवायचीत मला. त्यातल्या आणखी एखाद्याचं डोकं फुटलं तर?"

"तू चुकीचं शिकवलंयस का?"

"नाही!"

"मग?"

"तेच तर कळत नाहीये," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा कपाट उघडलं.

गुरुवारी दुपारी तिने काकाला खांद्यावर टाकून कारखान्यात आणलं. त्याची एक शिवण उसवली होती आणि फोम बाहेर डोकावत होता. मामा म्हणाले, "ये, नवीन गिऱ्हाईक आलं का?" तिने काकाला पट्टे मागे करून भिंतीशी उभं केलं, सुई-दोरा घेतला आणि वळली. वळली आणि तिथेच थबकली.

काका अर्धाच जुना झाला होता.

समोर उभं राहून पाहिलं तर डावा अर्धा भाग काळपट. केसांचा आणि घामाचा तोच डाग, जो तिने हजार सोफ्यांच्या पाठीवर पाहिला होता. मध्यापासून डावीकडे रेक्झिन सोललेलं, शिवण उसवली होती तीही डावीकडचीच. आणि उजवा अर्धा भाग? कारखान्यातून कालच बाहेर पडल्यासारखा चकचकीत. वर्षभरात त्या बाजूला एक झिपरी सोडली तर एकाही पोराचं डोकं लागलं नव्हतं. लागणार कसं? बाकी सगळे उजवा खांदा घालणार, सगळ्यांची डोकी डावीकडे जाणार. माणूस उजवीकडून आला तर ठीक. डावीकडून आला तर डोकं नेमकं त्याच्या पुढ्यात, त्याच्या ढोपराखाली.

बटण चुकली नव्हती. बटणने शिकवलेलं तंतोतंत केलं होतं.

दुसरा खांदा नंतर, असं भिंगरी म्हणत आली होती, आणि तो नंतर कधी उजाडलाच नव्हता. का नाही उजाडला, हे तिने आता स्वतःला विचारलं आणि तिचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. लग्नाच्या आधी, स्वतः खेळत असताना, तो एकदा निखळला होता. बसवला, बरा झाला, ती विसरूनही गेली. पण अंग विसरलं नव्हतं. सोफा उचलायचा तो उजव्याने, फळीवरचा डबा काढायचा तो उजव्याने, दार ढकलायचं ते उजव्याने. तिचं हे एका बाजूचं जगणं सगळ्या पोरांनी जसंच्या तसं उचललं होतं. एकीने सोडून. त्या एकीचं अंग आईची नक्कल करत नव्हतं, म्हणून तिला आईने पळवलं होतं.

"काय झालं गं?" मामांनी विचारलं. "भूत बघितल्यासारखी उभी आहेस."

भिंगरी शेजारच्या खुर्चीत बसली. मामांनी हातातली स्टेपलर गन खाली ठेवली, कारण ती बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि तिला पाणी आणून दिलं.

ती ते घटाघट प्यायली, उठली आणि काकाला कोपऱ्यात ओढत घेऊन गेली. तिथे कोणी बघत नव्हतं. बसकी झाली, डावा पाय पुढे टाकला, आणि डावा खांदा पिशवीजवळ नेला. शेवटच्या क्षणी अंग आपणहून वळलं आणि उजवा खांदा पुढे आला. पुन्हा केलं. पुन्हा उजवा. तिसऱ्यांदा तिने दात आवळून डावा घातला तेव्हा खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. हे तिला दाखवता येणार नव्हतं. उद्या नाही, परवा नाही. रविवारी सामना होता. सामना रद्द करता आला असता, पण पुढच्या महिन्यात तरी दाखवणार कोण? पोरं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात, आणि बघण्यासारखं हे एकाच माणसाला येत होतं.

त्या दिवशी ती कारखान्यातून लवकर निघाली. झिपरी नुकतीच शाळेतून येऊन पायऱ्यांवर बसली होती. भिंगरी तिच्यासमोर उभी राहिली. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर.

"तू बरोबर होतीस," ती म्हणाली.

"कशात?"

"डाव्या खांद्यात. मी चुकले. तुझी काही चूक नसताना मी तुला पळवलं."

झिपरीने दप्तराचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. तिच्याही अंगात आईचंच वारं होतं, फक्त ते बोटांत होतं.

"मी सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं होतं. माणूस त्या बाजूने आला तर डावाच लागतो, असं म्हटलं होतं मी. तू म्हणालीस, तोंड नको चालवूस, पाय चालव."

भिंगरीला ते आठवलं. आठवलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "ये ना उद्या. तू दाखव त्यांना. मला जमत नाही, माझा खांदा गेलाय."

"माहितीये मला."

"तुला कसं?"

"तू मला कधी डाव्या हाताने उचललंच नाहीस. मी लहान असताना शेजारची काकू पण विचारायची, ही पोरीला नेहमी एकाच कडेवर का घेते." झिपरीने पहिल्यांदा वर पाहिलं. "मी येईन. पण आधी माझ्या फेऱ्या."

"तुझ्या कशाला? तुला कोण पळवतंय आता?"

"मी नाही. तू."

भिंगरीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "किती?"

"मी नव्हत्या मोजल्या. तू मोजल्या होत्यास?"

तिनेही मोजल्या नव्हत्या. ते आतून इतकं टोचलं की डोळे भरून आले, आणि भिंगरीने ते पुसायलाही डावा हात वर नेला नाही, उजवाच नेला. झिपरीने ते पाहिलं आणि पहिल्यांदा जरा हसली.

शुक्रवारी पोरं मैदानात आली तेव्हा काका दोन्ही बाजूंनी नीट शिवलेला होता, आणि त्याच्या जवळ झिपरी उभी होती, पोरांकडे पाठ करून. भिंगरीने सगळ्यांना सरळ सांगून टाकलं, "मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. उरलेलं अर्धं हिला येतं. हिचं ऐका." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आणि प्रशिक्षक बाई निघाल्या टाकीकडे, झिपरीच्या रस्त्याने.

पळता पळता तिला मागून आवाज यायचे. "नजर वर. बसके व्हा. डावा पाय, डावा खांदा. डोकं मागे." शब्द तिचेच होते, पण ओरडणं नव्हतं. एखाद्याचा खांदा चुकला की झिपरी म्हणायची, "परत कर," एवढंच. त्याला कुठे पाठवायची नाही. काकावर धडका बसत होत्या, आधी बिचकत, मग भरघोस. टाकीला हात लावून भिंगरी वळायची आणि येताना डोळ्यांत तेल घालून पोरांच्या माना बघायची. धाप लागली, पोटरीत गोळे आले, पण ती थांबली नाही. शनिवारीही तेच. शनिवारी तर एक पोरगा तिच्या शेजारून पळत म्हणाला, "ताई, तुमचा कुठला खांदा चुकला?" "डावा," ती म्हणाली, आणि तो समजूतदारपणे मान हलवून परत गेला.

रविवारी बटण कपाळावर पट्टी लावून आजीसोबत बाकावर बसली होती. झिपरीचं नाव संघात नव्हतं, दोन महिने न आल्याने घालता येत नव्हतं. ती सीमारेषेवर आईच्या डाव्या बाजूला उभी होती. भिंगरीने शिट्टीची दोरी चावून चावून ओली केली होती. पलीकडची पोरं दांडगी होती आणि धडाधड येत होती. एक-दोनदा उजवीकडून आली, आपल्या पोरांनी पाडली. मग त्यांचा सगळ्यांत मोठा पोरगा बॉल काखेत मारून डावीकडून सुटला. समोर आपला एकच, तो शनिवारी शेजारून पळालेला.

भिंगरी एक पाऊल पुढे सरकली. "डोकं," ती पुटपुटली.

पोरगा बसका झाला. डावा पाय. डावा खांदा. दोघं एकत्र कोसळले, आणि गवतातून त्याचं डोकं वर आलं ते त्या दांडग्याच्या पाठीमागून, अख्खं, मातीने माखलेलं. तो उठला आणि सीमारेषेकडे बघून दोन्ही हात वर केले. भिंगरीनेही हात वर केला. मग तिला दिसलं की तो तिच्याकडे बघत नव्हता. तो झिपरीकडे बघत होता, आणि झिपरी त्याला ओरडून सांगत होती, "मागे होतं! डोकं मागे होतं!"

सामना पोरं हरली, आणि त्याचं कोणालाच फारसं काही वाटलं नाही. बटणच्या आजीने जाता जाता विचारलं, "हिला परत कधीपासून पाठवू?" भिंगरीने झिपरीकडे बोट केलं. "तिला विचारा." झिपरी म्हणाली, "डॉक्टर म्हणतील तेव्हा. आधी पडायला शिकवते तिला, नव्याने."

सगळे पांगले. नवऱ्याने काकाला खांद्यावर टाकलं. वळून बघतो तर बायको बुटांच्या नाड्या आवळत होती.

"आता कुठे?"

"आहेत अजून," भिंगरी म्हणाली आणि टाकीकडे पळायला लागली. ती अर्ध्या वाटेवर पोचली असेल नसेल, तेवढ्यात मागून पावलांचा आवाज आला. झिपरी तिच्या डाव्या अंगाला येऊन, काही न बोलता, तिच्याबरोबर पळायला लागली होती.